वाणातली बाटली

१

मला बोलावणं आलं तेव्हा मी दवाखान्यात एका पोराच्या कानातला हरभरा काढत होतो. हरभरा तिथंच ठेवून स्कूटरवर बसलो, कारण निरोप आणणाऱ्याच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता.

अमरसिंहांच्या बंगल्यावर संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. दिवाणखान्यात जमलेल्या बायका भिंतीला पाठी लावून उभ्या होत्या आणि मधे सतरंजीवर अमरसिंहांच्या आई, द्वारकाबाई, पडल्या होत्या. अंग घामानं भिजलेलं, दातखीळ बसलेली, डोळे अर्धवट उघडे. कुणी कांदा हुंगवत होतं, कुणी देवीचा अंगारा लावत होतं. मी साखर तपासली. आकडा इतका खाली होता की यंत्र बिघडलं असेल म्हणून मी पिशवीतलं दुसरं काढलं. त्यातही तोच.

शिरेतून ग्लुकोज दिलं, तशा द्वारकाबाई शुद्धीवर आल्या. “दिवा लावला का गं?” एवढं सुनेला विचारलं. बायकांचा जीव भांड्यात पडला, माझाही पडला. मंगळवार होता, म्हातारीचा देवीचा कडक उपास. उपासानंच साखर उतरली असं मी चारचौघांत ठासून सांगितलं. माझं बोलणं पुरं होतंय तोच त्यांचे डोळे पुन्हा फिरले.

पुन्हा ग्लुकोज, पुन्हा शुद्ध, पुन्हा तेच. आता मात्र मी घाबरलो. मी मुळात भित्रा माणूस आहे. डॉक्टरनं भिऊ नये असं लोकांना वाटतं म्हणून मी मोठ्या आवाजात बोलतो, इतकंच. उपासानं उतरलेली साखर ग्लुकोज दिल्यावर जागेवर राहते. ती अशी बुडत राहिली, तर पोटात काहीतरी आहे आणि ते तिला खाली ओढतंय. मधुमेहाची गोळी असंच करते.

“आईला साखर न्हाय, डॉक्टर,” अमरसिंह म्हणाले. “मागल्या महिन्यात तुमीच तर तपासली.”

खरं होतं. त्या घरात कुणालाच मधुमेह नव्हता.

“सकाळपासून तोंडात काय काय गेलं?” मी विचारलं.

“उपासाचं काय जाणार?” त्यांच्या सूनबाई, राजेश्वरीवहिनी, रडकुंडीला आल्या होत्या. “ताक घेतलं. आन् आपली ती रोजची गोळी.”

“कुठली गोळी?”

वहिनींनी बोट उचललं, पण ते एका जागी गेलंच नाही. दिवाणखान्यातल्या बहुतेक बायकांच्या हातात, तिळगुळाच्या पुडीबरोबर, वाण म्हणून मिळालेली तीच बाटली होती. एकीच्या हातून ती सुटली आणि हिरव्या गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या.

२

अमरसिंहांचा कारखाना म्हणजे जळकोटच्या बाहेर महामार्गाला लागून असलेली पत्र्याची मोठी शेड. शेवग्याच्या पाल्याची पूड कॅप्सूलमध्ये भरायची आणि बाटल्या विकायच्या. लोक त्या सांधेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्याला घेतात. डॉक्टर म्हणून मी यावर तोंड उघडत नाही. शेवग्यानं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही, आणि गावात राहायचं आहे.

आजवर ही कॅप्सूल पांढरीशुभ्र असायची. कॅप्सूलच्या टोपणाला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तो पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पुडीनं येतो. भिंतीच्या रंगात असते तीच. युरोपात खाण्याच्या पदार्थांतून ती हद्दपार झाली आणि अमरसिंहांना माल तिकडं पाठवायचा होता. शिवाय निकिता होती. निकिता म्हणजे कारखान्यातली केमिस्ट, वाशीची पोरगी, इथं भाड्याच्या खोलीत राहायची. गोळी गोरी दिसण्यापलीकडं त्या पुडीचा काडीचा उपयोग नाही, असं ती भेटेल त्याला सांगायची. तिनं मालकांच्या मागं लागून पांढरी टोपणं बंद करवली आणि झाडापासून केलेली, आरपार दिसणारी टोपणं आणवली. नवा माल संक्रांतीच्या तोंडावर निघाला, म्हणून वहिनींनी वाणात त्याच बाटल्या लुटायच्या ठरवल्या. द्वारकाबाई त्या आधीपासूनच घेत होत्या.

द्वारकाबाईंना आम्ही सोलापूरला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. कुठलं औषध पोटात गेलंय, किती गेलंय, काहीच ठाऊक नाही. हृदय म्हातारं आहे. ग्लुकोज चालू ठेवतो, पण नेमकं नाव कळलं तर बरं, असं ते म्हणाले. ‘बरं’ हा शब्द डॉक्टर कधी वापरतात ते मला माहीत आहे.

परत येताना गाडीत अमरसिंहांनी विचारलं, “नव्या गोळ्या बंद करायला सांगतो. जुन्या पांढऱ्या लोकांच्या घरात हायत, त्या चालतील न्हवं?”

“न चालायला काय झालं? वर्षानुवर्षं घेतायत लोक,” मी म्हणालो.

बुधवारी सकाळी देवळाच्या भोंग्यावरून माझ्या नावानिशी तसं जाहीर झालं. बायकांनी वाणातल्या बाटल्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या. पोलिसांनी द्वारकाबाईंच्या उशाची बाटली तपासणीला नेली, पण अहवालाला वेळ लागणार होता आणि गावाला तेवढा दम नव्हता. कारखान्यापुढं माणसं जमायला लागली. आत प्रयोगशाळेत निकिता कडी लावून बसली होती.

मी तुळजापूरला शामलामावशीला फोन लावला. मावशी औषध निरीक्षक म्हणून निवृत्त झालेली. तिच्या नुसत्या चष्म्याला औषधवाले टरकायचे.

“मावशी, तू ये. मला भीती वाटतेय.”

“कुणाची?”

“ते कळलं असतं तर तुला कशाला फोन केला असता?”

३

मावशी आली ती थेट कारखान्यातच. सुती साडी, खांद्याला संसार मावेल एवढी पर्स. गर्दीतून वाट काढताना तिनं दोघा-तिघांना त्यांच्या बापाच्या नावानं ओळखलं, तशी ती माणसं जरा मागं सरली.

मशीन चालवणारा बंडप्पा दारातच बसला होता. मधुमेहाची गोळी म्हटल्यावर गावानं निकिताच्या जोडीला त्याचंही नाव घेतलं होतं, कारण कारखान्यात साखर त्यालाच.

“हाय की मला साखर. दडवून काय करू?” तो म्हणाला. “आन् ही नवी टोपणं मला आवडत न्हाईत, हेबी खरंय. घडी घडी अडकत्यात. पांढरी कशी, मशीनमधनं लोण्यावानी जायची. म्या मालकास्नी लई डाव सांगितलं. पर त्यापायी म्हातारीला मारीन व्हय?”

“याच्या गोळ्या कोण देतं?” मावशीनं मला विचारलं.

“मीच देतो. त्या अशी साखर पाडत नाहीत. त्यांचा गुण वेगळा. हे दुसऱ्या जातीच्या गोळीचं काम आहे.”

“हे गावाला सांगितलंस?”

“कुणी विचारलंच नाही.”

मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला शाळेतले दिवस आठवले. बंडप्पानं डोळे पुसले.

आत उमाशंकर भेटले. कारखान्याला पाला पुरवायचं आणि तो दळून घ्यायचं सगळं काम त्यांच्याकडं. कपाळाला भस्म, बोलणं मऊ.

“काकू मला आईच्या जागी,” ते म्हणाले. “पोरगी शिकलेली हाय, तिचा हेतू वाईट नसंल. पर न कळत्या वस्तूचा हट्ट धरला आन् लोकांच्या जिवाशी खेळ झाला. मालकांनी आता तरी जुनं हाय ते चालू करावं.”

“तुम्हाला कशावरून वाटतं, दोष नव्या गोळीचा आहे?”

“दुसरं काय खाल्लं काकूनी? सगळा गाव सांगतोय, ताई.”

अमरसिंह खुर्चीत बसून होते. त्यांना आईशिवाय काही सुचत नव्हतं. परदेशचा माल गेला खड्ड्यात, मशीन विकतो, म्हणत होते. ते खरं बोलत होते की नाटक करत होते हे मला सांगता येईना. त्या दिवशी मला प्रत्येकाचाच संशय येत होता.

निकितानं मावशीचा आवाज ऐकून कडी काढली. रात्रभर झोपली नसावी. मावशीनं तिला पाणी पाजलं आणि सरळ विचारलं, “तुझ्या गोळ्यांत काही गडबड दिसली होती का तुला?”

“विषाची नाही. रंगाची,” निकिता म्हणाली. “नव्या टोपणांतून पूड दिसते ना, तर एकाच बाटलीत दोन रंग दिसायला लागले. काही गर्द हिरव्या, काही पिवळट. पांढऱ्या टोपणात हे कधीच कळलं नसतं. शेवग्यात दुसरा कुठलातरी पाला मिसळतोय. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले होते की प्रत्येक पोत्यातला नमुना तपासायला पाठवायचाय म्हणून.”

“सगळे म्हणजे?”

“मालक, बंडप्पामामा, उमाशंकरकाका. त्यानंतर दोन दिवसांतच आजी...” तिला हुंदका आला. “आजींना नवी टोपणं इतकी आवडली होती. जुनी त्यांना चालतच नव्हती.”

“चालत नव्हती? ती का?”

निकिता उत्तर देणार, तोच खिडकीची काच फुटली आणि दगड टेबलावरच्या तराजूत येऊन पडला.

४

बंडप्पानं दारात उभं राहून गर्दी थोपवली. ज्याला गाव संशयानं बघत होता तोच पोरीसाठी अंगावर दगड घ्यायला उभा राहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही निकिताला मागच्या दारानं काढून माझ्या घरी, माझ्या बायकोकडं, वैदेहीकडं पोचवलं आणि बंगल्यावर गेलो. निघताना मावशीनं कारखान्यातून दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या पर्समध्ये टाकून घेतल्या.

राजेश्वरीवहिनी एकट्याच होत्या. मावशीनं पहिला प्रश्न तोच विचारला, जो दगडानं अर्धवट राहिला होता.

“आत्याला जुनी गोळी चालायची न्हाई, कारण तिचं टोपण जनावराच्या हाडाचं,” वहिनी म्हणाल्या. “माळकरी न्हाईत आत्या, पर हाड तोंडात घालणार न्हाईत. मग टोपण उघडायच्या, पूड ताकात टाकून प्यायच्या.”

“आणि टोपण?”

“त्याचीच तर गंमत. खरकट्याच्या बादलीत टाकू द्यायच्या न्हाईत. ती बादली गाईपुढं जाते. गाईच्या पोटात हाड घालायचं का, म्हणायच्या. मिश्रीच्या रिकाम्या डबीत साठवायच्या आन् डबी भरली की बांधाकडंला पुरून यायच्या. निकितानं सांगितलं, नवं टोपण झाडाचं हाय, तेव्हापासून अख्खी गोळी गिळायला लागल्या.”

“ही गोष्ट कुणाकुणाला ठाऊक?”

“घरातल्या आमाला. निकिताला. भाईरच्याला कोण सांगतंय, हसतील की लोक.”

“डबी कुठाय?”

डबी देवघराच्या खिडकीत होती. वहिनी म्हणाल्या, रिकामीच असंल, सणाच्या आधी म्या स्वतः घासून ठेवली. मावशीनं झाकण काढलं आणि डबी माझ्या पुढं धरली.

तळाशी टोपणाचे दोन तुकडे होते. पांढरे. आतल्या बाजूला हिरवी पूड चिकटली होती आणि त्या हिरव्यात पांढरे कण होते.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. काल सकाळी द्वारकाबाईंनी नवी गोळी घेतलीच नव्हती.

५

मावशी तिथंच देवघराच्या उंबऱ्यावर बसली. माझ्या पिशवीतली एक साधी पांढरी गोळी तिनं नखानं चुरली, शेवग्याच्या पुडीत कालवली आणि नव्या आरपार टोपणात भरली. मग ते खिडकीच्या उजेडात धरलं. पांढरे ठिपके लांबूनसुद्धा दिसत होते.

“आंधळ्यालाही कळेल,” ती म्हणाली. “आता हेच पांढऱ्या टोपणात घाल. बाहेरून काही दिसतंय? ज्यानं हे केलं त्याला पांढरी गोळीच लागणार होती. म्हातारी ती गिळेल, टोपण पोटात विरघळेल, मागं काहीच उरणार नाही, आणि उशाशी बाटली नव्या गोळ्यांची. मग नाव कुणाचं येणार? नव्या गोळीचं. एकच घोटाळा झाला. ती टोपण उघडते हे त्याला ठाऊक नव्हतं.”

“म्हणजे घरातलं कुणी नाही,” मी म्हणालो. “निकिताही नाही.”

“नाही. आणि नवी गोळी बंद पडावी असं ज्याला वाटतं, तो. बंडप्पाला मशीनचा त्रास, पण असल्या त्रासापायी माणूस कुरकुरतो, विष घालत नाही. आरपार टोपणानं खरी अडचण कुणाची झाली? पाल्यात पाला मिसळणाऱ्याची.” मावशी वहिनींकडं वळली. “काल इथं धावपळ चालली होती तेव्हा उमाशंकर आले होते?”

“व्हय. हॉस्पिटलात जुने रिपोर्ट लागतील म्हणून शोधत होते. कपाट बघितलं, देवघर बघितलं, आत्याची उशीसुद्धा उचलून बघितली. मला वाटलं, रिपोर्ट उशीखाली कशाला असतील? पर तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?”

“मिळाले?”

“न्हाईत. रिकाम्या हातानंच गेले.”

“रिपोर्ट नव्हते शोधत ते. बाटली शोधत होते. सुटी गोळी कुणी कुणाच्या हातावर ठेवत नाही, लेबल लावलेली बाटलीच दिली असणार, आणि कुठली हातात येईल याचा नेम नाही म्हणून आतल्या सगळ्याच भरल्या असणार. ती बाटली त्यांना मिळाली नाही. आपल्यालाही इथं दिसत नाही. मग गेली कुठं?”

वहिनींचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. त्या खाली बसल्या.

“वाणात,” त्या म्हणाल्या. “म्या टोपली भरत होते, आत्या आल्या आन् एक बाटली वरनं ठेवली. म्हणल्या, माझ्याकडं नवी हाय, ही जुनी रोज उघडत बसायचं मला नको, कुणालातरी व्हईल. म्या बघितलंबी न्हाई.”

कुणाला गेली ते त्यांना आठवेना. बायकांची रीघ लागलेली, हात पुढं येत होते, त्या देत होत्या.

नेमक्या त्याच वेळी देवळाचा भोंगा पुन्हा सुरू झाला. नव्या गोळ्या कुणीही घेऊ नयेत. जुन्या पांढऱ्या गोळ्या घेण्यास हरकत नाही, असं डॉक्टर कृष्णराज यांनी कळवलं आहे.

गावातल्या कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी फळीवर ती बाटली होती, आणि जिच्याकडं होती ती बाई स्वतःला नशीबवान समजत होती. सगळ्यांच्या गोळ्या विषारी निघाल्या, आपली तेवढी चांगली, असं तिला वाटत असणार. ते मीच तिला सांगितलं होतं.

“आधी ते देवळातलं बंद कर,” मावशी म्हणाली. “आणि तुझी बायको होती ना हळदीकुंकवाला?”

६

देवळातला फोन कुणी उचलत नव्हता. मी वैदेहीला लावला.

“काल तुला वाणात कुठली बाटली मिळाली?”

“पांढऱ्या गोळ्यांची. एवढीच एक होती टोपलीत. का हो?”

मोबाइल कानाला तसाच होता आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, पाण्याचा माठ, फळी.

“अहो, ऐकताय ना? पण ती माझ्याकडं नाही. पार्वतम्मा शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, मला जुन्याचीच सवय आहे, बदलून द्या. मी दिली आणि त्यांची नवी घेतली.”

“कोण पार्वतम्मा?” मावशीनं विचारलं.

“उमाशंकरांची बायको,” मी म्हणालो.

मावशी माझ्याआधी गेटबाहेर पडली होती.

उमाशंकरांचं घर महामार्गाच्या पलीकडं. उसाचे ट्रॅक्टर एकामागोमाग चालले होते आणि रस्ता ओलांडायला फट मिळेना. मी देवीला काय काय बोललो ते इथं सांगत नाही. अंगणात पोचलो तर पार्वतम्मा तुळशीपुढं दिवा लावत होती. धडधाकट दिसत होती. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

उमाशंकरांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं, स्वतःही बसले. “काकूचं काय कळलं?” त्यांनी विचारलं. त्यांचे डोळेही झोप नसल्यासारखे होते.

“कळेल,” मावशी म्हणाली. “जरा कुंकू लावून घेते.” ती पार्वतम्माच्या मागं स्वयंपाकघरात गेली. मी उमाशंकरांसमोर पाऊसपाणी, पाला, उसाचा हंगाम असलं काहीबाही बोलत राहिलो. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मावशी परत आली, माझ्या शेजारी बसली आणि आत हाक मारून म्हणाली, “पार्वतम्मा, बोलता बोलता तुमची गोळी राहिली की. घ्या आणि मगच चहा टाका.”

पार्वतम्मा बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पांढऱ्या गोळ्यांची बाटली.

७

“ती कुठनं आली?” उमाशंकरांचा आवाज चिरका झाला.

“वाणात मिळाली,” पार्वतम्मा म्हणाली. “जुनी बाटली काल सरली. म्हनलं, आज दिवा लावून ही फोडावी. तुमीच न्हवं का सकाळी म्हनलात, नवी टाकून दे, पांढरीच घेत जा?”

तिनं झाकण फिरवलं आणि एक गोळी तळहातावर घेतली.

मी उठायला गेलो. मावशीनं माझा गुडघा इतका गच्च दाबला की मी कळवळलो. मी तिच्याकडं पाहिलं, ती उमाशंकरांकडं पाहत होती. माझ्या देखत एक बाई विष खाणार होती आणि माझी सख्खी मावशी मला हलू देत नव्हती. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

उमाशंकरांनी बायकोच्या हाताकडं पाहिलं. मग आमच्याकडं. मग दाराकडं, जिथून अंगण आणि मोकळा रस्ता दिसत होता. पार्वतम्मानं गोळी तोंडाशी नेली. तांब्या उचलला.

उमाशंकरांनी झेप घेऊन तिच्या हातावर फटका मारला. तांब्या लांब जाऊन आपटला, गोळी अंगणात उडाली.

“थुंक!” ते ओरडले. “गेली का आत? थुंक आधी!”

“नाही गेली,” मावशी शांतपणे म्हणाली. “आणि गेली असती तरी काही झालं नसतं. बाटलीतल्या गोळ्या मी आत बदलल्यात. तुमच्या गोळ्या या इथं आहेत.” तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. “आता एकच सांगा. यात काय आहे? पार्वतम्मा म्हणतात, सासरे गेल्यावर त्यांच्या साखरेच्या गोळ्या डब्यात पडून होत्या, त्या आता नाहीत. पाकीट कुठाय?”

उमाशंकर ओल्या जमिनीवर बसले. मग खुंटीवरच्या सदऱ्याकडं त्यांनी बोट दाखवलं. खिशात औषधाचं रिकामं पाकीट होतं. मी नाव वाचलं आणि तिथूनच सोलापूरला फोन लावला. नाव, ताकद, किती चुरा भरला असेल त्याचा त्यांनी सांगितलेला अंदाज, सगळं सांगितलं. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, हे आधी कळलं असतं तर! मग म्हणाले, अजून वेळ आहे, याला इलाज आहे.

उमाशंकर सांगत होते. मावशी ऐकत होती, मी ऐकत होतो, आणि पार्वतम्मा चौकटीला धरून उभी होती. सुबाभळीचा पाला ते कधीपासून शेवग्यात मिसळत आले होते. पांढऱ्या टोपणात कुणाला दिसत नव्हतं, म्हणून चालत होतं. निकितानं नवी टोपणं आणली आणि ते उघड्यावर आलं. पोत्यांचे नमुने गेले की संपलंच. सोमवारी त्यांनी काकूंना ताकदीच्या म्हणून पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली आणि पोरीला सांगू नका, तिला वाईट वाटेल, असंही सांगितलं.

“नुसती चक्कर यील, वाटलं,” ते म्हणाले. “लोक बोंब मारतील, मालक नवी गोळी बंद करतील, तेवढंच मनात व्हतं. म्या जीव घ्यायला न्हवतो गेलो. दुसऱ्या दिवशी मंगळवार हाय, काकूचा कडक उपास असतोय, माझ्या डोक्यातच न्हाई आलं. रिकाम्या पोटी...”

“आणि बाटली हरवली तेव्हा?” मावशीनं विचारलं. “दुसरं कुणी खाईल, हे तरी डोक्यात आलं होतं ना? आज दिवसभर भोंगा ऐकत होतात.”

मावशीनं पोलिसांना फोन केला. मी बंडप्पाला केला. गर्दीला जाऊन सांग, पोरीचा काही दोष नाही, आणि देवळात माझ्या नावानं सांगायला सांग की मी चुकलो. तो फोनवरच मोठ्यानं रडायला लागला.

पोलिसांची गाडी येईपर्यंत आम्ही अंगणातच थांबलो. अंधारून आलं होतं. सोलापूरहून परत फोन आला. नवं औषध सुरू केलंय, साखर पहिल्यांदाच जागेवर राहिली आहे, म्हातारी बोलतेय, असं कळलं. मी ते मोठ्यानं सांगितलं. उमाशंकरांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि बायकोकडं पाहिलं. पार्वतम्मानं तांब्या उचलून पदरानं पुसला.

“गोळी उडवलीत, बरं केलंत,” ती म्हणाली. “पर त्याच्या आदी दाराकडं का बगितलंत?”